पितळी बिल्ले आणि त्यांवरचे आकडे

मुंबई इलाख्याच्या पोलीस दलाचा इतिहास कायद्यांच्या संहितांतून, गॅझेटिअरच्या खंडांतून आणि सरकारी दप्तरांतून वाचावयास मिळतो हे खरे; परंतु तोच इतिहास तळहातावर मावणाऱ्या एखाद्या पितळी बिल्ल्यावर, त्यावरील मुकुटाच्या कमानीत, ठशाने ठोकलेल्या आकड्यांत आणि पाठीमागच्या कडीला धरलेल्या हिरवट कळंकात ज्या निकटतेने हाती लागतो, ती निकटता छापील पानांत नाही, अशी माझी दीर्घकाळच्या संग्रहानंतर दृढ धारणा झाली आहे.

जुन्या बिल्ल्याचा काळ ठरविताना जाणकार प्रथम मुकुट पाहतात. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतील मुकुट निराळ्या घडणीचा. १९०१ नंतर आलेल्या राजांच्या मुकुटाच्या कमानी गोल, घुमटाकार. त्यानंतर पाहावयाचा तो मुलूख. जिल्ह्यांतील पोलिसांसाठी १८९० चा कायदा आणि मुंबई शहरासाठी १९०२ चा स्वतंत्र कायदा, असा दुहेरी अंमल इलाख्यात दीर्घकाळ चालला. जिल्ह्यात खाकी, तर मुंबईत निळा गणवेश आणि पिवळी चपटी टोपी हा भेद वृद्ध वाचकांच्या डोळ्यांसमोर अद्यापही असेल. या दोन्ही दलांना एका छत्राखाली आणणारा कायदा १९५१ साली झाला.

संस्थानी बिल्ल्यांची कथा याहून करुणरम्य आहे. सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, जत, सावंतवाडी अशा लहानमोठ्या संस्थानांचे आपापले शिपाई होते आणि राजचिन्हाचा अभिमान संस्थानाच्या विस्तारावर मुळीच अवलंबून नसे. १९४८ च्या मार्चमध्ये दक्षिणेकडील संस्थाने विलीन झाली, १९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूर आणि मे महिन्यात बडोदे. निजामाच्या राज्यात उर्दू ही राजभाषा असल्याने मराठवाड्यातील शिपायाच्या पट्ट्यावर फार्सी वळणाची अक्षरे असत. १९४८ च्या सप्टेंबरात तो अंमल संपला आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. काल ज्या चिन्हापुढे रयत मुजरा करीत होती, ते आज कोणत्याच सरकारचे उरले नाही, असा प्रसंग या थोड्या वर्षांत कितीएक चावड्यांवर आणि ठाण्यांवर ओढवला असेल! २६ जानेवारी १९५० रोजी सारनाथचे सिंह राजचिन्ह झाले, वरिष्ठांच्या खांद्यावरील मुकुटाची जागा त्यांनी घेतली, आणि १ मे १९६० नंतर महाराष्ट्र पोलिसांच्या बोधचिन्हावर ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद झळकू लागले.

परंतु मुकुट आणि सिंह यांच्यापेक्षा मला अधिक ओढ आहे ती साध्या शिपायाच्या कमरपट्ट्याच्या बकलाची. शिपायाची सरकारदरबारची ओळख त्याच्या बक्कल नंबरात सामावलेली असे. माझे मामा मुंबईच्या दलात होते आणि नायगावच्या बीडीडी चाळीत राहत. पहाटे परेडला निघण्यापूर्वी ते बक्कल आधी चिंचेच्या कोळाने घाशीत, मग ब्रासोचे दोन थेंब फडक्यावर घेऊन आकड्यांच्या खाचांत साचलेली पांढरी भुकटी काडीच्या टोकाने काढीत. त्या खाचांत भुकटी राहिली तर जमादार रांगेतून बाहेर काढतो, असे ते आम्हां मुलांना बजावून सांगत. गावाकडून येणाऱ्या पत्रावर नावापुढे नंबर, दवाखान्याच्या कागदावर नंबर, पगारपत्रकात नंबर. त्यामुळे तो आकडा घरातील सर्वांच्याच ओठांवर बसला होता. पुढे कित्येक वर्षांनी जुन्या बाजारात मिळालेले तसलेच एक बक्कल मी मामीला दाखविले, तेव्हा चष्मा लावून तिने प्रथम नंबरच पाहिला आणि ते माझ्या हाती परत देत म्हणाली, “हे आपलं नव्हे रे. आपलं त्यांनी रिटायर होताना स्टोअरात जमा केलं.”

जुने बिल्ले दुर्मीळ का, याचे उत्तर मामीच्या त्या एका वाक्यात आहे. बिल्ला ही शिपायाची मालमत्ता नव्हे. ती जडसंग्रहाच्या नोंदवहीतील सरकारी वस्तू. सेवानिवृत्तीच्या वेळी ती जमा करावयाची, नंबर दुसऱ्या माणसास द्यावयाचा, आणि पितळ निरुपयोगी झाले की रीतसर निर्लेखन करून भंगारात काढावयाचे, असा शिरस्ता. म्हणजे एकच नंबर एकामागून एक अनेकांच्या कमरेवर राहिलेला असू शकतो, आणि केवळ आकड्यावरून त्यांतील कोणाचाही माग लागत नाही.

या संग्रहाकडे निव्वळ प्रेमाने पाहणेही मला उचित वाटत नाही. याच मुकुटांकित बिल्ल्यांच्या मागे परकीय सत्तेची लाठी उभी होती. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात गोळीबार झाला, मार्शल लॉ पुकारला गेला आणि दोन पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आले. त्या हुतात्म्यांची नावे सोलापूर विसरलेले नाही. बिल्ला लावून उभा असलेला शिपाईही बहुधा इथल्याच मातीतला, शेतीवर भागेना म्हणून भरती झालेला होता, ही गोष्ट त्या काळाची वेदना अधिक गहन करते. त्या काळचे बकल हाती घेतले की या दोन्ही गोष्टी एकदम मनात येतात आणि त्यांतील एकही मी दूर सारू इच्छीत नाही.

अलीकडे मुंबईच्या चोरबाजारात काय किंवा पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात काय, नकली मालही पुष्कळ येतो. ठशाने पाडलेल्या अस्सल कामाची कड धारदार असते. साच्यात ओतलेल्या नकलेचा पृष्ठभाग रवाळ, अक्षरे बोथट, आणि झीज भलत्याच जागी. खऱ्या बकलाची झीज उंचवट्यांवर आणि हाताच्या अंगठ्याला लागणाऱ्या कडेवर असते. तोतयेगिरीच्या हेतूने लोकसेवकाचे चिन्ह बाळगणे हा भारतीय दंडविधानाच्या १७१ व्या कलमान्वये गुन्हा होता आणि नव्या संहितेतही तो कायम आहे. म्हणून चालू काळातील चिन्हांना संग्राहकाने हात लावू नये, या मताचा मी आहे.

मुकुट, धातू, वर्ष, ठसा यांची चिकित्सा तज्ज्ञ करतीलच. माणसाची माहिती मात्र घरातल्यांखेरीज कोणी देऊ शकत नाही. म्हणून वाचकांस माझी विनंती आहे : आजोबांचा किंवा पणजोबांचा एखादा बिल्ला घरातील पेटीत सापडला, तर तो घासून चकचकीत करू नका, वजनावर विकू नका, घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीजवळ बसून त्यांचे पूर्ण नाव, गाव, हुद्दा, कोणत्या ठाण्यावर कोणत्या सालापर्यंत नोकरी झाली आणि बक्कल नंबर कोणता, एवढे एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद बिल्ल्याबरोबरच ठेवा.