गिधाडांचा धडा: इंग्रजी उतारा शिकवायचा तरी कसा?

मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. तुमच्यापैकी कोणी बीएड करत असेल, कोणी गल्लीतल्या पोरांची शिकवणी घेत असेल, कोणाच्या घरी नववीतली बहीण पुस्तक घेऊन मागे लागत असेल. आजचा एपिसोड तुमच्यासाठी. विषय ओळखीचाच आहे: धोक्यात आलेल्या प्राण्यांवरचा इंग्रजी उतारा.

हा उतारा तुम्हीही शाळेत वाचलाय. वाघ, गेंडा, पांडा, देवमासा असे सगळे दीडशे शब्दांत येऊन जातात आणि शेवटी एक ओळ असते, 'वी मस्ट प्रोटेक्ट ॲनिमल्स.' खाली प्रश्न, 'व्हाय शुड वी प्रोटेक्ट ॲनिमल्स?' एकदा प्रयोग करून बघा. उतारा झाकून ठेवा आणि फक्त प्रश्न विचारा. पोरं निम्मी उत्तरं उतारा न बघताच देतील! म्हणजे ही वाचनाची परीक्षा झालीच नाही. चांगल्या मुलाने काय बोलायचं असतं, त्याची परीक्षा झाली.

म्हणून मी सगळे प्राणी बाजूला ठेवते आणि एकच घेते. सोबत एकच प्रश्न, ज्याचं उत्तर वाचल्याशिवाय मिळणारच नाही. माझा प्राणी म्हणजे गिधाड.

वाघ सोडून गिधाड का?

फळ्यावर 'व्हल्चर' लिहिलं की वर्गातून पहिला आवाज येतो, 'ईऽऽ मॅडम, घाण असतं ते!' मला हेच हवं असतं. वाघाबद्दल सगळ्यांचं मत आधीच चांगलं असतं, त्यामुळे वाचून काही बदलत नाही. गिधाडाबद्दलचं मत बदलायला वाचावंच लागतं. शिवाय जटायू सगळ्यांना माहीत असतो. नाशिक जिल्ह्यातल्या टाकेदला तो पडला अशी श्रद्धा आहे, तिथे जाऊन आलेलं एखादं पोरगं वर्गात निघतंच. आणि गिधाडांची खरी गोष्ट एखाद्या गुन्हे-मालिकेसारखी आहे. ती आधी तुम्हाला सांगते.

एकेकाळी भारतात गिधाडं इतकी होती की त्यांच्याकडे कोणी वळून बघत नसे. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की काही वेळात फक्त हाडं उरायची. १९९० च्या दशकात ती झपाट्याने कमी झाली. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश या शास्त्रज्ञांनी ही घट नोंदवली. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर पुढच्या काही वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली. म्हणजे शंभरातलं एखादंही धड उरलं नाही.

संशय आधी रोगावर, एखाद्या विषाणूवर गेला. मेलेली गिधाडं तपासली तेव्हा मूत्रपिंडं निकामी झालेली दिसली, आतल्या अवयवांवर यूरिक ॲसिडचा पांढरा थर. पण कारण सापडेना. २००४ मध्ये पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रसिद्ध केलं: डायक्लोफिनॅक. गाई-म्हशींच्या दुखण्यावर, सुजेवर दिलं जाणारं साधं वेदनाशामक औषध. औषध दिलेलं जनावर थोड्याच दिवसांत मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की गिधाडं मरायची. पुढे गणित मांडलं तेव्हा कळलं, शंभर मेलेल्या जनावरांत एकाहूनही कमी जनावर असं असलं तरी एवढा नाश व्हायला पुरतं. कारण गिधाडं एका ढोरावर घोळक्याने बसतात, आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते.

२००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध सापडलं होतं. पण माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जायच्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलीहून मोठी नको असा नियम झाला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या आणखी दोन औषधांवर जनावरांसाठी बंदी आली.

ही गोष्ट मी सोप्या इंग्रजीत चार परिच्छेदांत लिहून काढली. तुम्हीही लिहू शकता. एका परिच्छेदात चार-पाच वाक्यं, बस्स.

वर्गात काय करायचं?

पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका लागतात.

सगळ्यात आधी कागद दुमडायचा. पहिले दोन परिच्छेद वर, बाकीचे दोन खाली दडलेले. पहिल्यात गिधाडं मरतायत, दुसऱ्यात रोगाचा संशय. इथे थांबायचं आणि विचारायचं, 'तुमचा संशय कोणावर?' मराठीत बोलू द्या, काही हरकत नाही. कोणी शिकारी म्हणतं, कोणी मोबाइल टॉवर म्हणतं. सगळे संशयित फळ्यावर लिहायचे. आता खालचा भाग उघडायला सांगितलं की पोरं स्वतःहून वाचतात, कारण त्यांना आपला संशयित बरोबर निघाला का ते बघायचं असतं.

शब्द आधी फक्त पाच सांगायचे: स्कॅव्हेंजर, कारकस, पेनकिलर, किडनी, बॅन. बाकीचे संदर्भाने कळू द्या. 'कारकस'चा अर्थ 'मेलेलं ढोर' सांगितला की गावातल्या पोरांना चित्रच दिसतं. 'पेनकिलर' फोडून दाखवायचा: पेन आणि किलर, दुखणं मारणारं. मग एखादा मागच्या बाकावरून म्हणतो, 'मॅडम, पण याने तर गिधाडंच मारली!' हा शब्द त्याच्या डोक्यातून जाणार नाही. 'एनडेंजर्ड'ही असाच फोडायचा. मध्ये 'डेंजर' आहे, म्हणजे धोक्यात टाकलेला. 'एक्स्टिंक्ट' म्हणजे संपलेलाच, जसा १९५२ मध्ये भारतातून नामशेष जाहीर झालेला चित्ता. या दोन शब्दांतला फरक पक्का करा, कारण पहिल्यात अजून काहीतरी करता येतं.

मग येतो सर्वनामांचा घोळ. माझ्या उताऱ्यात एक वाक्य मुद्दाम आहे: 'व्हेन दे डाइड, द व्हल्चर्स एट देम.' 'दे' कोण? 'देम' कोण? बरीच पोरं सांगतात, गिधाडं मेली. मागच्या वाक्यावर बोट ठेवायला लावायचं, तिथे 'कॅटल' सापडतं. इंग्रजी वाचताना मुलं अडतात ती बहुतेक वेळा अवघड शब्दाने नाही, अशा छोट्या शब्दांनी. प्रत्येक 'दे' आणि 'इट'वरून मागे बाण काढायला लावा. पेन्सिल चालेल.

'कोणी?' हा प्रश्न

आता आजच्या एपिसोडमधलं सगळ्यात महत्त्वाचं.

प्राण्यांवरचे इंग्रजी उतारे पॅसिव्ह व्हॉइसने भरलेले असतात. 'फॉरेस्ट्स आर डिस्ट्रॉइड.' 'ॲनिमल्स आर किल्ड.' जंगलं तोडली जातात, प्राणी मारले जातात. कोणाकडून? ते वाक्यात नसतंच! करणारा गायब होतो. आपण व्याकरणाच्या तासाला वाक्य उलट-सुलट करून घेतो, पाच मार्क मिळतात, विषय संपतो. पण वाचताना खरा उपयोग इथे आहे. प्रत्येक पॅसिव्ह वाक्याला पोरांनी एकच प्रश्न विचारायचा: 'बाय हूम?' कोणी?

'द ड्रग वॉज गिव्हन टू कॅटल.' कोणी दिलं? शेतकऱ्याने, जनावरांच्या डॉक्टरने. मुद्दाम? नाही. 'द ड्रग वॉज बॅन्ड इन टू थाउजंड सिक्स.' कोणी? सरकारने. 'द कॉज वॉज फाउंड.' कोणी? शास्त्रज्ञांनी. बघा, आता उताऱ्यात माणसं दिसायला लागली. आणि माणसं दिसली की 'वी मस्ट प्रोटेक्ट'मधला 'वी' म्हणजे नक्की कोण, हाही प्रश्न येतो.

याच जागी एका मुलीने मला विचारलं होतं, 'मॅडम, आमच्याकडे दोन म्हशी आहेत. म्हशीला दुखलं तर इंजेक्शन द्यायचंच नाही का?' वर्ग शांत झाला. तिच्या घराचं दूध त्या म्हशींवर आहे. 'प्राणी वाचवा' हे उत्तर तिच्यापुढे ठेवलं असतं तर ते पोकळ ठरलं असतं, म्हैस काय प्राणी नाही? मी तिला म्हटलं, 'शेवटचा परिच्छेद वाच. उत्तर तिथेच आहे.' तिने बोट फिरवत वाचलं आणि 'सेफ' या शब्दावर थांबली. मेलॉक्सिकॅम. म्हशीचं दुखणंही थांबतं, गिधाडही मरत नाही. इंग्रजीतल्या उताऱ्यात तिला तिच्या गोठ्याचं उत्तर सापडलं.

शेवटचा भाग: खोक्यावरचं इंग्रजी

दुसऱ्या तासिकेला मी औषधांची रिकामी खोकी आणायला सांगते. फक्त कागदी खोकी, बाटल्या आणि सुया अजिबात नाही. माणसांची चालतील, जनावरांची चालतील. मग शोधायचं: औषधाचं मूळ नाव कुठे आहे? एक्स्पायरी कधीची? 'फॉर ॲनिमल यूज ओन्ली' असं कुठे दिसतं का? माणसांच्या डायक्लोफिनॅकवर 'नॉट फॉर व्हेटरिनरी यूज' असं छापावं, असे आदेश औषध कंपन्यांना दिले गेले आहेत. ते तीन-चार शब्द बारीक अक्षरात, आणि इंग्रजीत. ते कोणी वाचायचे? बऱ्याच घरांत इंग्रजी वाचू शकणारं एकच माणूस असतं, आणि ते आठवीत शिकत असतं.

परीक्षेत यालाच 'स्कॅनिंग' म्हणतात, म्हणजे हवी ती माहिती नजरेने पटकन शोधणं. कोणतं औषध द्यायचं ते मात्र डॉक्टरच ठरवणार, हे पोरांना स्पष्ट सांगा. त्यांचं काम नाव वाचून प्रश्न विचारण्याचं.

शेवटी लिहायला काय द्यायचं? 'प्राण्यांचे महत्त्व' असा निबंध नको. फक्त चार इंग्रजी वाक्यं: काय झालं, कशामुळे झालं, ते कसं कळलं, कोणी काय केलं. 'बिकॉज' आणि 'सो' हे दोन शब्द आलेच पाहिजेत. स्पेलिंग चुकलं तरी चालेल, कारण आणि परिणाम उलटे झाले तर परत उतारा उघडायचा.

तर मित्रांनो, गिधाड नको असेल तर माळढोक घ्या, कासव घ्या, तुमच्या भागातलं काहीही घ्या. पण प्राणी एकच, प्रश्न खरा, आणि प्रत्येक पॅसिव्ह वाक्याला 'कोणी?' हे विचारायचं. करून बघितलंत तर व्हॉइस नोट पाठवा, पोरांनी कोणकोणावर संशय घेतला ते मला ऐकायचंय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!