रशियनच्या तासाला इंग्रजी

१९८९ साली हंगेरीच्या शाळांमधली रशियन भाषेची सक्ती उठली. चाळीस वर्षं ती मुलांच्या माथी मारलेली होती, त्यामुळे ती गेल्याचं वाईट फारसं कोणाला वाटलं नाही. पंचाईत झाली ती रशियनच्या शिक्षकांची. पालकांना आता इंग्रजी नाहीतर जर्मन हवी होती आणि त्या शिकवणारे होते मोजके. मग रशियनच्या शिक्षकांसाठीच नव्या भाषेचे अभ्यासक्रम निघाले. नोकरी सांभाळून स्वतः इंग्रजी शिकायची आणि तीच वर्गात शिकवायची, अशी कसरत सुरू झाली. त्याच वर्षी जुलैत बुडापेस्टला आलेले अमेरिकेचे अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी इंग्रजी शिकवायला पीस कोर या अमेरिकी सरकारी संस्थेचे स्वयंसेवक पाठवण्याची घोषणा केली. पुढच्या वर्षी हे स्वयंसेवक आलेही.

युरोपच्या शाळांत इंग्रजी बऱ्याच ठिकाणी अशीच आली, दुसऱ्या एखाद्या भाषेला बाजूला सारून. स्वीडनमध्ये पूर्वी पहिल्या परक्या भाषेचा मान जर्मनला होता. दुसरं महायुद्ध संपल्यावर तो इंग्रजीकडे गेला आणि १९६२ मध्ये सगळ्यांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा सुरू झाली, तेव्हा इंग्रजी तिथे सक्तीची झाली. खुद्द पश्चिम जर्मनीतही राज्यांमधल्या १९६४ च्या हॅम्बुर्ग करारानंतर पाचवीपासून परकी भाषा, आणि ती सहसा इंग्रजीच, असा पायंडा पडला. तोवर ही चैन मुख्यतः पुढे विद्यापीठात जाणाऱ्या मुलांचीच होती.

युरोपीय संघाचं धोरण मात्र एकट्या इंग्रजीचं कधीच नव्हतं. २००२ च्या बार्सिलोना परिषदेत ठरलं ते असं, की प्रत्येक मुलाने मातृभाषेखेरीज आणखी दोन भाषा लहानपणापासून शिकाव्यात. त्यातली एक कोणती, हे पालकांनी परस्पर ठरवून टाकलं. आज माध्यमिक शाळेतल्या दर दहा मुलांमागे नऊहून अधिक मुलं इंग्रजी शिकतात. फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश यांची चढाओढ उरली आहे ती दुसऱ्या जागेसाठी. ब्रिटन संघातून बाहेर पडला, तरी यात काही फरक पडला नाही.

स्पेन आणखी पुढे गेला. माद्रिद प्रांताने २००४ मध्ये २६ सरकारी प्राथमिक शाळांत द्वैभाषिक योजना सुरू केली आणि पुढे ती शेकडो शाळांत नेली. तिथे इंग्रजीचा वेगळा तास असतोच, शिवाय विज्ञानासारखे विषयही इंग्रजीतून होतात. मूळ, खोड, पान किंवा बरगडी, मणका ही नावं सात-आठ वर्षांचं मूल आधी इंग्रजीत पाठ करतं. घरी आईने विचारलं, तर तेच स्पॅनिशमध्ये सांगताना अडखळतं. योजनेच्या पहिल्या तुकड्यांचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. गणित आणि स्पॅनिशमध्ये मुलं मागे पडली नव्हती. इंग्रजीतून शिकवलेल्या विषयात मात्र कमी शिकलेल्या आईवडिलांची मुलं मागे राहिली होती.

सर्वांत अवघड प्रकरण स्वित्झर्लंडचं. जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार राष्ट्रभाषांच्या या देशात जर्मनभाषक मुलांनी आधी फ्रेंच आणि फ्रेंचभाषकांनी आधी जर्मन शिकायची, हा जुना शिरस्ता. २००० साली झ्युरिक प्रांताचे शिक्षणप्रमुख एर्न्स्ट बुशोर यांनी फ्रेंचच्या आधी इंग्रजी शिकवण्याचं जाहीर केलं आणि देशभर गदारोळ उठला. २००४ मध्ये प्रांतांनी तोडगा काढला: प्राथमिक शाळेतच दोन भाषा, एक तिसरीपासून आणि दुसरी पाचवीपासून, त्यांतली एक राष्ट्रभाषा हवी, क्रम ज्याचा त्याने ठरवावा. फ्रेंच मुलुखाला लागून असलेल्या बर्न आणि बाझेलने फ्रेंच आधी ठेवली, पूर्वेकडच्या प्रांतांनी इंग्रजी.

हा समेट आता डळमळला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये झ्युरिकच्या विधिमंडळाने फ्रेंच प्राथमिक शाळेतून काढून माध्यमिकमध्ये ढकलण्याच्या बाजूने कौल दिला. दोन भाषांचं ओझं लहान मुलांना झेपत नाही, असं समर्थकांचं म्हणणं. ओझं कमी करायचं, तर इंग्रजी का काढत नाही, हा फ्रेंचभाषक प्रांतांचा सवाल. त्यांची मुलं तिसरीपासून जर्मन शिकतात. कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर झ्युरिकच्या पाचवीच्या वेळापत्रकात फ्रेंचचा तास आहे.