काहीच होत नसलेल्या हाताची तपासणी

दोस्तांनो, डॉक्टर कुणाला तपासतात? ज्याला काहीतरी होतंय त्याला, हो ना? पण अनेक देशांतल्या डॉक्टरांनी मुद्दाम ठणठणीत माणसांना बोलावलं, हात उताणा ठेवायला लावला आणि त्यांच्या हातातले मज्जातंतू सोनोग्राफीने मोजले. दुखत नाही, खुपत नाही, मुंग्या येत नाहीत, तरी मोजमाप! कशासाठी बरं?

आधी मज्जातंतूंशी ओळख करून घेऊ. तशी ती तुमची झालेलीच आहे! कोपर दाराच्या कडेवर नको तिथे आपटलं की थेट करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? कोपराच्या आतल्या बाजूला जे टोकदार हाड लागतं, त्याच्या मागून अल्नर नावाचा मज्जातंतू जातो. तिथे तो कातडीच्या अगदी जवळ असतो. करंगळीला काय लागलं, काय टोचलं, हे मेंदूला कळवणारा तोच. म्हणून मार बसतो कोपराला आणि झिणझिण्या येतात करंगळीत.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांचं काम दुसऱ्या मज्जातंतूकडे असतं. त्याचं नाव मीडियन. तळहातात शिरण्यासाठी त्याला मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जावं लागतं. बोगद्याच्या तळाला मनगटाची हाडं, छताला एक चिवट पट्टा आणि आत बोटं मिटणाऱ्या ९ चिवट दोऱ्या, म्हणजे कंडरा. या सगळ्या दाटीतून मीडियनने वाट काढायची!

आता हात न कापता तो मोजायचा कसा? आवाजाने! सोनोग्राफी म्हणजे तेच. आपल्याला सेकंदाला २० ते २०,००० कंपनांचा आवाज ऐकू येतो. मज्जातंतू बघण्यासाठी वापरतात त्या आवाजाची कंपनं सेकंदाला १ कोटीहून जास्त असतात, त्यामुळे तो आपल्याला ऐकूच येत नाही. हातात धरायचा प्रोब हा आवाज शरीरात सोडतो आणि आतून परत येणारा प्रतिध्वनी टिपतो. शरीरात आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो. प्रतिध्वनी किती वेळाने आला, किती जोरात आला, यावरून यंत्र पडद्यावर चित्र उभं करतं. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहिली, तर आवाज तिथूनच माघारी फिरतो. म्हणून आधी गारगार जेल लावायची.

पडद्यावर दिसतात नुसते करडे, काळे, पांढरे ठिपके. त्यात मज्जातंतू शोधायचा म्हणजे कसबाचं काम! त्याचा आडवा छेद मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. आत काळपट गोल गोल जुडगे, भोवती पांढरी जाळी. तरीही शंका वाटली, तर डॉक्टर म्हणतात, "बोटं हलवा." लगेच कंडरा सरासर मागेपुढे सरकतात, मज्जातंतू मात्र फारसा हलत नाही. सापडला!

मग चित्र थांबवायचं, पांढऱ्या कडेच्या आतून रेघ फिरवायची, की यंत्र क्षेत्रफळ सांगतं. निरोगी मोठ्या माणसाच्या मनगटाशी मीडियनचं क्षेत्रफळ साधारण ७ ते १० चौरस मिलिमीटर भरतं. वहीत ३ मिलिमीटर बाजूचा चौरस काढून बघा. ९ चौरस मिलिमीटर! एवढ्याशा जागेतून तीन बोटांच्या खबरा जातात.

मोजताना हात हलका हवा. प्रोब दाबला तर मज्जातंतू चपटा होतो. तिरका धरला तर छेदही तिरका येतो आणि आकार उगाच मोठा दिसतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या बोगद्यात मीडियन दबला की बोटांना मुंग्या येतात, विशेषतः रात्री. दबलेला मज्जातंतू बोगद्याच्या तोंडाशी सुजतो. समजा, डॉक्टरांना तिथे १४ चौरस मिलिमीटर दिसले. हे जास्त आहेत, असं कशावरून म्हणायचं? सुजलेले हजार हात पाहिले तरी याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी न सुजलेला हात माहीत असावा लागतो. बरं, एकाच निरोगी माणसावरही भागत नाही. उंची, वजन, वय यांप्रमाणे आकार थोडाफार बदलतो. एकच मज्जातंतू मनगटाशी वेगळा, कोपराशी वेगळा भरतो. म्हणून खूप जणांचे हात, ठरवलेल्या त्याच त्या जागी, पुन्हा पुन्हा मोजायचे.

कुष्ठरोगात तर हे मोजमाप फार मोलाचं. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी ज्यांच्यासाठी आनंदवन उभारलं, त्यांचा हा आजार. त्याचे जंतू मज्जातंतूंमध्ये शिरतात, मज्जातंतू जाड होतात आणि हळूहळू स्पर्श कळेनासा होतो. मग चटका बसला तरी हात मागे घेतला जात नाही. कोपराजवळचा अल्नर मज्जातंतू जाड झालाय का, हे डॉक्टर बोटांनी चाचपून बघतात. सोनोग्राफीने ती जाडी आकड्यात सांगता येते. आजार वेळेवर कळला तर औषधाने बरा होतो, हातही वाचतात!

म्हणजे बघा, ज्यांना काहीच झालेलं नव्हतं त्यांनी आपला थोडा वेळ दिला, म्हणून ज्यांना काहीतरी झालंय त्यांचा आजार ओळखता येतो. मोठेपणी तुम्हाला कुणी संशोधकाने अशा मोजणीसाठी विचारलं, तर "पण मला काहीच झालेलं नाही!" म्हणून माघारी फिरू नका. त्यांना नेमका तसाच हात हवा असतो.