औषधांना न जुमानणारे मूत्रमार्गाचे जीवाणू

लघवीच्या वेळी होणारी आग आणि पुन्हापुन्हा लघवीला जावेसे वाटणे, या त्रासाला मराठीत ‘उन्हाळी लागणे’ असे म्हणतात. उष्म्याच्या दिवसांत शरीराला पाणी कमी पडले म्हणजे हा त्रास होतो, अशी त्यामागची समजूत आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही. परंतु पुष्कळदा या दाहाचे कारण हवेतील उष्म्यात नसून मूत्राशयात शिरलेल्या जीवाणूंत असते. जवळजवळ निम्म्या स्त्रियांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा संसर्ग होतो. प्रतिजैविके उपलब्ध झाल्यानंतर हा चार-पाच दिवसांच्या गोळ्यांनी बरा होणारा आजार मानला जाऊ लागला. आज तशी खात्री देता येत नाही. लक्षणे तीच, जीवाणूही तोच, परंतु एकामागून एक औषधे देऊनही तो हटत नाही आणि अखेरीस शिरेतून इंजेक्शने देण्यासाठी रुग्णाला इस्पितळात ठेवावे लागते, असे प्रसंग आता विरळ राहिलेले नाहीत. असे का घडते हे समजण्यासाठी प्रथम या जीवाणूची ओळख करून घेतली पाहिजे.

आतड्यातील रहिवासी

म्युनिक येथील बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिख यांनी १८८५ साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेत आढळणाऱ्या एका दंडाकृती जीवाणूचे वर्णन केले. पुढे त्यांच्याच नावावरून त्याला ‘एशेरिकिया कोलाय’, संक्षेपाने ‘ई. कोलाय’, हे नाव मिळाले. निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यात तो कोट्यवधींच्या संख्येने नांदत असतो आणि तेथे असेपर्यंत सहसा उपद्रव देत नाही. तोच जीवाणू गुदद्वाराजवळच्या त्वचेवरून मूत्रमार्गात शिरला म्हणजे मात्र रोगकारक ठरतो. गुंतागुंत नसलेल्या मूत्रमार्ग-संसर्गांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक संसर्ग ई. कोलायमुळे होतात. उरलेल्यांत क्लेबसिएला, प्रोटिअस, एंटेरोकॉकस आदी जीवाणू असतात.

स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीचा असतो, तर पुरुषांचा सुमारे २० सेंटिमीटर. स्त्रियांमध्ये हा संसर्ग अधिक का आढळतो, याचे मुख्य कारण हेच. जीवाणूच्या अंगावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. त्यांच्या साहाय्याने तो मूत्राशयाच्या अस्तराला घट्ट चिकटून राहतो, त्यामुळे लघवीच्या प्रवाहाबरोबर तो वाहून जात नाही. तो वर चढून मूत्रपिंडापर्यंत पोहोचला तर थंडी वाजून ताप येतो व कुशीत दुखू लागते. आणि रक्तात शिरला तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. रोगाचे ठिकाण मूत्राशय असले, तरी जीवाणूचे घर आतडे हे आहे. तोंडाने घेतलेली बहुतेक प्रतिजैविके कमीअधिक प्रमाणात आतड्यातील जीवाणूंपर्यंत पोहोचतात. मग ती घशाच्या दुखण्यासाठी घेतलेली असोत की जखमेसाठी.

प्रतिरोध म्हणजे काय?

‘शरीराला औषधाची सवय झाली’ असे पुष्कळदा म्हटले जाते. ही कल्पना दिशाभूल करणारी आहे. सवय शरीराला होत नाही. बदल होतो तो जीवाणूंच्या समुदायात. अनुकूल परिस्थितीत ई. कोलायची एक पेशी सुमारे वीस मिनिटांत दुभंगून दोन होतात. प्रत्येक वेळी जनुकांची नक्कल करावी लागते आणि त्या नकलेत क्वचित चूक राहते. कोट्यवधी पेशींपैकी एखादीत झालेली अशी चूक तिला औषधापासून वाचवणारी ठरू शकते. औषध घेतल्यावर इतर पेशी मरतात, ही एक उरते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत तिची प्रजा वाढते. औषध हा बदल सहसा घडवून आणत नाही. आधीच घडलेल्या बदलाची ते निवड करते.

याचा पुरावा फार लवकर मिळाला होता. ऑक्सफर्ड येथे पेनिसिलिनचे उपचार माणसांवर १९४१ साली सुरू झाले. त्याआधीच, १९४० च्या डिसेंबरमध्ये, तेथील एडवर्ड एब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी पेनिसिलिनचा नाश करणारे एक एंझाइम जीवाणूंत असल्याचे प्रसिद्ध केले. ज्या जीवाणूत ते त्यांना आढळले तो ई. कोलायच होता.

औषधाचा नाश करणारे एंझाइम हे जीवाणूचे एक साधन झाले. याखेरीज त्याच्याजवळ आणखी तीन साधने आहेत. आत शिरलेले औषध तो पंपाने उपसावे तसे बाहेर टाकतो. औषध ज्या छिद्रांतून आत येते ती छिद्रे कमी करतो. किंवा औषध पेशीतील ज्या रेणूवर आघात करते त्या रेणूचीच घडण बदलून जाते. नॉरफ्लॉक्सासिन व सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे प्रामुख्याने या शेवटच्या प्रकारच्या बदलामुळे निकामी ठरली.

प्रतिरोध केवळ वारसाने मिळतो असेही नाही. १९५० च्या दशकात जपानमध्ये आमांशाचे काही जीवाणू एकाच वेळी अनेक औषधांना दाद देईनासे झाले. १९५९ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, प्रतिरोधी आणि औषधाला बळी पडणारे जीवाणू एकत्र वाढवले असता प्रतिरोधाचा गुण एका जातीकडून दुसऱ्या जातीकडे जातो. प्लाझ्मिड नावाच्या, जनुके वाहून नेणाऱ्या लहानशा वलयाकृती रेणूंद्वारे ही देवघेव होते. एका प्लाझ्मिडवर चार-पाच औषधांविरुद्धची जनुके असू शकतात. त्यामुळे त्यांपैकी एकच औषध वापरले तरी उरलेल्यांविरुद्धचा प्रतिरोधही जोपासला जातो.

औषध आणि जीवाणू यांची शर्यत

अँपिसिलिन हे औषध १९६१ साली वापरात आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत अथेन्समधील एका रुग्णापासून मिळालेल्या ई. कोलायमध्ये त्याचा नाश करणारे ‘टीईएम’ एंझाइम आढळले. या एंझाइमाला पुरून उरतील अशी सेफॅलोस्पोरिन वर्गातील नवी औषधे तयार झाली. १९८३ साली जर्मनीतून त्यांचाही नाश करणाऱ्या एंझाइमांचे वृत्त आले. तपासणीच्या अहवालात आज ‘ईएसबीएल’ असा जो उल्लेख असतो, तो याच कुळातील एंझाइमांचा. त्यांपैकी ‘सीटीएक्स-एम-१५’ हा प्रकार प्रथम नवी दिल्लीतून १९९९ साली मिळालेल्या जीवाणूंत ओळखला गेला. पुढे तो जगभर पसरला.

मग राखून ठेवलेल्या कार्बापेनेम औषधांचा आधार घ्यावा लागला. ही मुख्यतः इंजेक्शनाने दिली जातात. २००८ साली स्वीडनमधील एका रुग्णाच्या मूत्रात क्लेबसिएला जीवाणू सापडला. त्यात कार्बापेनेमचाही नाश करणारे एंझाइम होते. रुग्णाने त्याआधी नवी दिल्ली येथे उपचार घेतले असल्याने २००९ साली त्या एंझाइमाच्या नावात त्या शहराचे नाव घालण्यात आले आणि त्यावरून पुढे भारतात बरीच नाराजी व्यक्त झाली. नावाचा वाद बाजूला ठेवला, तरी साध्या मूत्र-तपासणीतून उघड झालेली ही घटना संपूर्ण जगाला इशारा देणारी ठरली.

जुन्या औषधांचे मोल

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१३ साली प्रतिरोधाच्या पाहणीसाठी देशातील मोठ्या इस्पितळांचे एक जाळे उभारले. त्याच्या अहवालांतून असे दिसते की, मूत्रातून मिळालेल्या ई. कोलायपैकी बहुसंख्य जीवाणू सिप्रोफ्लॉक्सासिन व नवी सेफॅलोस्पोरिने यांना दाद देत नाहीत. मोठ्या इस्पितळांत अवघड रुग्ण अधिक येतात, त्यामुळे गावोगावच्या साध्या संसर्गात हे प्रमाण कमी असू शकते; परंतु चित्राची दिशा त्याने बदलत नाही.

याच अहवालांतील दुसरी गोष्ट दिलासा देणारी आहे. नायट्रोफ्युरँटोइन हे १९५३ पासून वापरात असलेले, आणि फॉस्फोमायसिन हे १९६९ साली शोध जाहीर झालेले, अशी दोन जुनी औषधे बहुसंख्य ई. कोलायवर अद्याप गुणकारी आहेत. नायट्रोफ्युरँटोइन जीवाणूच्या पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात करते. त्यामुळे एखाद्या बदलाने जीवाणूचा बचाव होणे कठीण जाते. शिवाय ते आतड्याच्या वरच्या भागातच बव्हंशी शोषले जाऊन मूत्रात साठते, म्हणून मोठ्या आतड्यातील जीवाणूंवर त्याचा दाब कमी पडतो. मात्र रक्तात व मूत्रपिंडाच्या ऊतींत ते पुरेसे पोहोचत नसल्याने मूत्रपिंडाच्या संसर्गावर त्याचा उपयोग होत नाही. तेथे इंजेक्शनांची गरज पडू शकते. प्रतिरोधाची झळ सर्वांत अधिक बसते ती येथे, आणि गर्भवती, वृद्ध व मूत्रनलिका बसवलेले रुग्ण यांना.

निवड कोणी करावी?

कोणते औषध लागू पडेल, हे लक्षणांवरून सांगता येत नाही. त्यासाठी लघवीचे ‘कल्चर’ करावे लागते. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी निर्जंतुक बाटलीत घेतात. ती दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे, अन्यथा शीतपेटीत ठेवावी लागते. जीवाणू पोषक माध्यमावर वाढवून त्यावर निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात. चकतीभोवती जीवाणूविरहित वर्तुळ किती मोठे उमटते, त्यावरून औषधाचा प्रभाव ठरतो. यास दोन-तीन दिवस लागतात. नमुना औषध सुरू करण्यापूर्वी घ्यावा, हे अगत्याचे आहे. एक-दोन गोळ्यांनंतर घेतलेल्या नमुन्यात जीवाणू दिसेलच असे नाही.

लघवीत जीवाणू आढळले, पण त्रास काहीच नाही, अशी स्थिती वृद्धांत व मधुमेह असलेल्या स्त्रियांत पुष्कळदा दिसते. गर्भवती स्त्रिया व मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हावयाचे रुग्ण हे महत्त्वाचे अपवाद वगळता अशा वेळी प्रतिजैविक देऊ नये, असे वैद्यकशास्त्र आज मानते. औषध डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस घ्यावे; त्याहून कमी नको आणि अधिकही नको.

भारत सरकारने मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांना ‘परिशिष्ट एच-१’ चे नियम लागू केले. त्यानुसार ही औषधे चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराने तीन वर्षे जपून ठेवावयाची असते. कायद्याची अंमलबजावणी ज्या प्रमाणात होईल, त्या प्रमाणात त्याचा लाभ मिळेल. परंतु प्रश्न केवळ कायद्याचा नाही. सर्दी-पडसे हे विषाणूंमुळे होते व प्रतिजैविकांनी बरे होत नाही. तरीही त्यासाठी घेतलेली गोळी आतड्यातील औषधभेद्य जीवाणूंना मारते आणि प्रतिरोधी जीवाणूंना जागा करून देते. ते तेथे काही महिने टिकून राहू शकतात. त्या अवधीत मूत्राशयाचा संसर्ग झाला, तर तो अशाच जीवाणूंपासून होण्याचा संभव वाढतो आणि एकाच घरात राहणाऱ्या इतरांपर्यंतही ते पोहोचतात. म्हणूनच अनावश्यक गोळी टाळणे हा पुढील आजारावरील उपचाराचाच एक भाग मानला पाहिजे.