आरागिरणी बंद पडली, आता पुढे काय?

कोकणात नोकरीला असताना एका गावात मला आरीच्या आवाजावरून वेळ कळे. सकाळी नऊला आवाज सुरू होई, संध्याकाळी सहाला थांबे. एका वर्षी पावसाळा सरला तरी तो सुरू झालाच नाही. आंब्याच्या लाकडी पेट्यांची जागा पुठ्ठ्याच्या खोक्यांनी घेतली होती आणि लाकूडही पुरेसे मिळत नव्हते. मालकाने कुलूप लावले.

कामगार होते चौदा. पण अडचण चौदा घरांपुरती राहिली नाही. समोरचा चहावाला, ओंडके वाहणारा टेंपोवाला, आरीला धार लावणारा, उधारी देणारा किराणा दुकानदार, चिरीव लाकूड नेणारे सुतार आणि बांधावरचे झाड विकून लग्नाचा खर्च भागवणारा शेतकरी, असे सारेच अडचणीत आले.

मालक पुन्हा सुरू करील, या आशेवर सगळे तीन महिने बसून राहिले. तोवर तरुण पोरे मुंबईला निघून गेली. जे मागे राहिले त्यांच्याजवळ आपण किती वर्षे काम केले याचा एक चिटोराही नव्हता. हजेरी सारी मालकाच्या वहीत. त्या चौदा जणांना हक्काचे पैसे मिळू शकत होते. पण ते मागायचे असतात हेच कोणाला ठाऊक नव्हते.

आसामचा धडा

असाच प्रसंग फार मोठ्या प्रमाणावर आसामात घडला. तिनसुकिया, मार्घेरिटा या भागात प्लायवूडच्या गिरण्या होत्या. चहाच्या पेट्यांसाठी त्यांच्या फळ्या जात. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीला आळा घालणारा आदेश दिला. ईशान्येकडून बाहेर लाकूड नेण्यास बंदी झाली आणि तिथल्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. जंगल वाचवणे गरजेचेच होते, त्याबद्दल वाद नाही. पण कामगारांचे काय, याची तयारी कोणी केलेली नव्हती.

पुढे त्यांतले कितीतरी कामगार थेट केरळात, एर्नाकुलम जिल्ह्यातील पेरुंबावूरला पोहोचले. तिथे शेतकऱ्यांच्या मळ्यांतील जुन्या रबराच्या झाडांपासून प्लायवूड बनते. म्हणजे गिरणी बंद पडली, पण हातातले कसब बंद पडले नाही. जिथे लाकूड होते तिथे ते कसब गेले, आणि गाव मात्र रिकामे झाले. आपल्याला साधायचे आहे ते हेच, की कसब गावातच राहावे.

कामगारांनी आधी काय करावे?

गिरणी बंद होणार अशी कुणकुण लागताच कागद गोळा करा. पगाराच्या पावत्या, हजेरीच्या नोंदी, फंडाचा क्रमांक आणि बँकेचे पासबुक एका पिशवीत घालून घरच्या बाईच्या हवाली करा. तिच्याकडे ते सुरक्षित राहतात.

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाच वर्षे सलग नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटी मिळते. हिशोब सोपा आहे. महिन्याचा मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या बेरजेला २६ ने भागावे, १५ ने गुणावे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणावे. १३,००० रुपये पगार व १२ वर्षे नोकरी असेल तर ९०,००० रुपये होतात. ही रक्कम तीस दिवसांत हाती पडायला हवी.

याशिवाय वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला, कारखाना बंद झाल्यास, दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई असते. मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने बंद झाला असेल तर ती तीन महिन्यांच्या पगारापुरती मर्यादित राहू शकते. मालकाने टाळाटाळ केली तर सर्वांनी मिळून जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. एकट्याने जाऊ नये.

फंडाचे पैसे घाईने काढू नका. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची नोकरी लागते. नवी नोकरी लागल्यास जुनी वर्षे जोडता येतात. आणि आलेल्या रकमेतून मोटारसायकल घेण्याआधी सावकाराचे देणे फेडा व मुलांच्या शाळेचे पैसे बाजूला काढा.

धंदेवाल्यांनी व सुतारांनी

दुकानदारांनी उधारीचा हिशोब कामगारासमोर बसून पक्का करावा, हप्ते ठरवावेत. तगादा लावून वैर घेऊ नये. हेच उद्याचे गिऱ्हाईक आहे. टेंपोवाल्याने आंबा, भाजीपाला, खत यांची भाडी आधीच ठरवून ठेवावीत.

गिरणीत काम केलेला माणूस लाकडाची जात पाहताक्षणी ओळखतो. अशा दोघा-तिघांनी गावच्या सुतारांबरोबर एकत्र येऊन दारे, खिडक्या, शाळेची बाके, मधपेट्या असे काम घ्यावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने पहिले एक लाखाचे कर्ज मिळते. मात्र परवान्याशिवाय घरी आरी बसवू नका. तो गुन्हा आहे. चिरलेले लाकूड पावतीने विकत घ्या.

शेतकऱ्यांचा वाटा

हरियाणातील यमुनानगरला प्लायवूडचा मोठा धंदा उभा आहे तो जंगलावर नव्हे, तर शेतात लावलेल्या पॉपलरवर. सहा ते आठ वर्षांत झाड तोडणीला येते आणि सुरुवातीची काही वर्षे मधल्या जागेत ऊस, गहू निघतो. पॉपलर आपल्या हवामानाचे नाही, त्याची नक्कल करू नका. पण शेतातल्या लाकडावर गिरणी जगते, हा धडा आपल्यालाही लागू आहे.

आपल्याकडे बांबू चांगला. सिंधुदुर्गातील माणगा बांबू भरीव असून त्याला मागणी आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेर लावलेला बांबू भारतीय वन कायद्यात झाड मानला जात नाही. इतर झाडांच्या बाबतीत, काही जाती स्वतःच्या बांधावरच्या असल्या तरी तोडण्यापूर्वी परवानगी लागते. ती वन खात्याकडे विचारून घ्या.

एक इशाराही देतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस उत्तरेत निलगिरीची एवढी लागवड झाली की भाव कोसळले आणि अनेकांनी झाडे मुळासकट उपटली. म्हणून खरेदीदार ठरल्याखेरीज सगळे रान झाडाखाली घालू नका. बांधापासून सुरुवात करा.

बंधू-भगिनींनो, गिरणीला कुलूप लागले की पहिल्या आठवड्यातच ग्रामसभेत विषय घ्या. कोणाला कोणते काम येते याची यादी करा, कागद तपासा, अर्ज एकत्र द्या. त्या कोकणातल्या गावाचे तीन महिने वाट पाहण्यात गेले. तुमच्या गावाचे जाऊ देऊ नका.