संत्र्याचे पान आणि नातवाचे पोट

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. राजापेठेतील माझ्या दवाखान्यात मोर्शीकडचे एक आजोबा दीड वर्षाच्या नातवाला घेऊन आले. बाळाला दोन दिवसांपासून हगवण लागली होती. मी जलसंजीवनीची पाकिटे लिहून दिली आणि जोडीला जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या गोळ्या, १४ दिवसांसाठी. आजोबा हसले. ‘‘डाक्टरसाहेब, झिंक तं आमी संत्र्याले फवारतो ना जी! पोराले काहाले?’’

वाचकहो, प्रश्न साधा, पण मर्मावर बोट ठेवणारा आहे.

संत्र्याची नवी पाने बारीक, अरुंद निघतात, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडतो, ही जस्ताच्या कमतरतेची खूण बागाईतदार ओळखतात. आपली वऱ्हाडची काळी माती चांगली कसदार. पण तिच्यात चुनखडी असते आणि तिचा सामू बहुधा साडेसातच्या वर जातो. अशा मातीत जस्त असूनही ते बांधले जाते, मुळांना मिळत नाही. स्फुरदाची खते बेसुमार टाकली, शेणखत कमी पडले, तर अडचण वाढते. किलोभर मातीत पिकाला घेता येण्याजोगे जस्त ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी भरले, की ती जमीन जस्ताला कमी समजतात. मात्रा एवढीशी, पण तिच्यावाचून झाडाची वाढ खुंटते.

माणसाचेही तसेच. १९५८ साली इराणमधील शिराझ शहरात डॉ. आनंद प्रसाद यांच्यापुढे २१ वर्षांचा एक तरुण आला. दिसायला मात्र दहा वर्षांचा मुलगा! हे डॉक्टर मूळचे बिहारमधील बक्सरचे. त्या तरुणाचे मुख्य अन्न गव्हाची रोटी, शिवाय त्याला माती खाण्याची सवय. पुढे इजिप्तमध्ये अशाच खुरटलेल्या रुग्णांना जस्त दिल्यावर त्यांची उंची वाढू लागली. जस्त माणसाच्या वाढीलाही लागते, हे तेव्हा जगाला कळले.

जस्ताला कमी असलेल्या जमिनीतले धान्यही जस्ताला कमी असते. त्यात धान्याच्या कोंड्यातले फायटेट नावाचे द्रव्य आहे ते जस्तही आतड्यात अडवून धरते. जस्त कमी पडले की मुलाची वाढ रेंगाळते आणि रोगाशी झुंजण्याची ताकद घटते. हगवण जंतूंमुळे होते, मातीमुळे नव्हे. पण प्रत्येक हगवणीत शरीरातले जस्त वाहून जाते आणि मूल पुढच्या दुखण्याला सोपे सावज ठरते. म्हणूनच २००४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी हगवणीत जलसंजीवनीबरोबर जस्त देण्याची शिफारस केली. सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालील बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याने १०. त्याने हगवण लवकर आटोक्यात येते आणि पुढचे दोन-तीन महिने ती पुन्हा होण्याचा संभवही कमी होतो.

एक इशारा द्यायलाच हवा. शेतातले झिंक सल्फेट पोटात घ्यायचे नाही! त्यात शिसे, कॅडमियमसारखी अशुद्धी असू शकते. औषधाची गोळी वेगळी. तीही मनाने महिनोन्‌महिने घेऊ नये. जस्त अती झाले तर शरीरात तांब्याची कमतरता होते.

घरी काय करावे? मूग, मटकी, हरभरा मोड आणून खावा. भिजवल्याने, मोड आणल्याने, आंबवल्याने फायटेट कमी होते. तीळ, शेंगदाणे, भोपळ्याच्या बिया, दूध-दही आणि चालत असल्यास अंडी, मटण ताटात असू द्यावे. शेतात काय करावे? अंदाजाने खत न घालता आधी माती तपासून घ्यावी. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत जस्ताचाही रकाना आहे. तो जरूर वाचावा.

बाळ सुस्त झाले, डोळे खोल गेले, पाणी पिईना किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र घरी थांबू नये.

बहुतेक घरी हगवण थांबली की गोळ्याही थांबतात. आमच्या आजोबांचा नातू तिसऱ्या दिवशी बरा झाला. पंधरवड्याने ते भेटले तेव्हा मी विचारले, ‘‘गोळ्या पुऱ्या दिल्या ना?’’

‘‘देल्ल्या ना जी! फवारनी अर्धी सोडून बाग पिकते काय?’’