परसांतील पतंगांची नोंदवही

चैत्र लागला कीं परसांत मोगरा फुलूं लागतो व रात्रीं दिव्याभोंवतीं पतंग जमतात. पतंग म्हणजे अळीची आई, एवढीच त्यांजविषयीं शेतकऱ्याची समजूत असते. ही समजूत खोटी नाहीं, परंतु अपुरी आहे. आणि तिचें नुकसान प्रस्तुत लेखकानें स्वतः सोसलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं वसंतांत महिनाभर दिव्याखालीं रॉकेल घातलेल्या पाण्याचें घमेलें ठेवून मीं येतील तितके पतंग मारिले. त्यांत फुलापुढें अधांतरीं राहून लांब सोंडेनें मध पिणारे जाड अंगाचे पतंगही पुष्कळ होते. पपईच्या नर झाडांचा पराग मादी झाडांवर नेण्याचें काम तिन्हीसांजेस हेच करितात, हें मला मागाहून कळलें. त्या वर्षीं पपईस फळ फार थोडें धरलें. दोष घमेल्याचा कीं उन्हाचा, हें आज सांगतां येत नाहीं. कारण कोणते पतंग किती मेले याची नोंदच नव्हती. पीकपाहणीचे तक्ते उतरण्यांत ज्याचा जन्म गेला, त्याच्या परसाचा तक्ता मात्र कोरा!

तेव्हांपासून रीत ठेविली आहे ती अशी. आठवड्यांतून एकदां भिंतीवर पांढरें धोतर टांगून त्यासमोर दिवा लावावा व दोन तास बसावें. वहींत तारीख, तिथि, वारा, पंखांचा रंग, खुणा व संख्या अशीं सदरें आंखावीं. तिथि अवश्य लिहावी. चांदण्या रात्रीं दिव्यावर पतंग कमी येतात, म्हणून पौर्णिमेचा आंकडा अमावास्येच्या आंकड्याशीं ताडल्यास फसगत होते. काम होतांच दिवा मालवावा, म्हणजे पतंग आपल्या वाटेनें जातात.

अशा नोंदींतून शत्रु निवडतां येतो. हिरव्या नक्षीच्या मोठ्या पतंगाची अळी कण्हेर व तगरीवर वाढते. तिचा पिकास उपद्रव नाहीं. उलट पिंवळट तपकिरी, पुढच्या पंखावर मूत्रपिंडासारखा डाग असलेला पतंग घाटे अळीचा होय. त्याची मादी अंडीं सुटीं सुटीं घालते व तीं तीन-चार दिवसांत फुटतात. वहींत त्याची संख्या वाढतांना दिसली कीं दुसऱ्याच सकाळीं टोमॅटोचीं कोंवळीं पानें व फुलें तपासावीं. अळी फळांत शिरल्यावर औषध तिला पोंचत नाहीं.

सन २०१८ मध्यें अमेरिकेकडील लष्करी अळी कर्नाटकांत मक्यावर आढळली व त्याच वर्षीं महाराष्ट्रांतही आली. पुढील नवी कीड कोणाच्या परसांत प्रथम उतरेल हें सांगवत नाहीं. परंतु नेहमींचे पतंग ज्याच्या वहींत आहेत, त्यासच परका ओळखूं येईल. तरी वाचक बंधूंनीं यंदा एक वही घालावी, ही विनंती.